इंग्रजीचा साधा भूतकाळ आणि सौंसरचा विद्यार्थी

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे सौंसर व पांढुर्णा परिसरातील (हा भाग २०२३ पासून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला आहे) अनेक मुलांची घरची भाषा मराठी, तर राज्यकारभाराची भाषा हिंदी आहे. इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा होय. ती हिंदीतून शिकविली तरी विद्यार्थ्याच्या चुका पुष्कळदा मराठीतून येतात. साध्या भूतकाळात हे विशेष दिसून येते.

आजोबांनी बैल विकला, गाय विकली, वासरू विकले. मराठीत येथे क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. हिंदीतही ‘बैल बेचा, गाय बेची’ अशीच रीत आहे. इंग्रजीत मात्र तिन्ही वाक्यांत ‘सोल्ड’ हे एकच रूप येते. विकणारे आजोबा असोत वा आजी, जनावर एक असो वा दहा, ‘सोल्ड’ बदलत नाही. मुलगा आला, मुलगी आली, मुले आली, या सर्वांस ‘केम’ पुरते. अपवाद एकच, ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांचा. म्हणजे या बाबतीत इंग्रजी मराठीहून सोपी आहे, आणि ही गोष्ट विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशी सांगावी.

खरी धास्ती असते ती अनियमित रूपांची. ‘गो’चे ‘वेंट’ कसे झाले, असे मूल विचारते. ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या निराळ्या क्रियापदाचे रूप असून ते ‘गो’ला येऊन चिकटले. मराठीतही ‘जाणे’चा भूतकाळ ‘गेला’ होतो. त्यातील ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूपासून व ‘गेला’ हे ‘गत’पासून आले आहे. करणे–केला, मरणे–मेला, येणे–आला ही रूपे कोणत्याही मुलाने तक्ता घोकून पाठ केलेली नाहीत. ती ऐकून व बोलून आली. इंग्रजीची रूपेही छोट्या गोष्टींतून वारंवार कानावर पडली, तर अधिक पक्की बसतात. नुसत्या तक्त्यांवर भर देण्याची पद्धत त्या मानाने दुबळीच म्हणावी लागेल.

नियमित रूपांत लेखन एक, उच्चार तीन. अघोष ध्वनीनंतर ‘ट’ (आस्क्ट), सघोष ध्वनीनंतर ‘ड’ (प्लेड), आणि मूळ क्रियापदाच्या शेवटी ‘ट’ वा ‘ड’ असल्यास ‘इड’ (वाँटिड).

सर्वाधिक गुण जातात ते नकार व प्रश्न यांत. ‘तो गेला नाही’ या वाक्यात नकार आला तरी ‘गेला’ भूतकाळातच राहतो. म्हणून मूल ‘ही डिड नॉट वेंट’ लिहिते. हा मंदबुद्धीचा पुरावा नव्हे. मातृभाषेचा नियम त्याने प्रामाणिकपणे पाळलेला असतो. शिक्षकाने ‘वेंट’ खोडून ‘गो’ लिहिले, पण कारण सांगितले नाही, तर पुढील परीक्षेत तीच चूक पुन्हा होते. कारण थोडक्यात असे : ‘डिड’ने भूतकाळाचा भार उचलला की मुख्य क्रियापद मूळ रूपात परतते. ‘डिड यू सी?’ या प्रश्नासही तोच नियम लागू आहे.

एक सूक्ष्म भेद उरतो. थांब्यावर उभा असलेला माणूस समोर गाडी पाहून म्हणतो, ‘नागपूरची बस आली.’ इंग्रजीत येथे ‘हॅज कम’ हे रूप रूढ आहे. ‘काल बस उशिरा आली’ यात मात्र ‘केम’च हवे, कारण ‘काल’ या शब्दाने वेळ मागे ठेवली गेली आहे. आणि घरातून हाक आल्यावर मूल जागचे न हलताच ‘आलो, आलो’ म्हणते, तेथे तर भूतकाळाचे रूप असूनही येणे अजून व्हायचेच असते. त्याचे इंग्रजी ‘आय केम’ होत नाही. ‘आय ॲम कमिंग’ होते.