दप्तराची दुसरी प्रत

कोणत्या घराण्याने, कोणत्या तिथीस, कोणाच्या स्मरणार्थ शाश्वत पूजेचा निधी ठेवला, याची नोंद देवस्थानाच्या दप्तरी असते. ही यादी संगणकात गेली म्हणजे काम सुकर होते, यात शंका नाही. परंतु यंत्र ऐन वेळी बिघडले, तर तिथी उजाडेल आणि आजोबांचे नाव सापडणार नाही.

वेदपाठकांनी हे भय फार पूर्वी ओळखले. एकच मंत्र संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा निरनिराळ्या पाठांनी मुखोद्गत केला, की एका पाठातील चूक दुसऱ्यात उघडी पडते. आपण मात्र एकाच यंत्रात दोन प्रती ठेवून निश्चिंत होतो!

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक-कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून भलत्याच यंत्रावरील माहिती पुसली गेली. प्रती राखण्याच्या पाच व्यवस्था होत्या. त्यांतील एकही नीट कामास आली नाही. सुमारे सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेली एक प्रत होती, म्हणून निभावले.

म्हणून आम्ही सुचवितो की, यादी दरमहा छापून वहीत लावावी व एक प्रत देवळाबाहेर, विश्वस्ताच्या घरी असावी. वर्षातून एकदा, दिवाळीच्या वहीपूजनाआधी, संगणक बंद ठेवून केवळ त्या प्रतींवरून पुढील महिन्याच्या पूजा लावून पाहाव्यात. सभासदांनीही जुन्या पावत्या जपून ठेवाव्यात, आणि नाव वा तिथी न जुळल्यास पुजाऱ्यांशी वाद न घालता दप्तरात कळवावे.