पुडीतली हिरवळ

फिशटँकच्या तळाला गालिचा करणाऱ्या रोपांचं बी म्हणून जे ऑनलाइन विकलं जातं, ते त्या रोपांचं नसतं. क्युबा नावाच्या रोपाचं नाही, मॉन्टे कार्लोचं नाही, ग्लॉसोचं तर नाहीच. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं कुणी वाचलं नाही तरी निदान त्याचे पैसे वाचतील. माझे गेले.

लोक म्हणतात, घेण्याआधी विचारायचं ना. विचारलं होतं! ‘पाण्याखाली कायम टिकतं का?’ असं स्पष्ट लिहून विचारलं होतं. उत्तर आलं, ‘हंड्रेड पर्सेंट ओरिजनल क्युबा आहे सर, पंधरा दिवसांत कार्पेट.’ तो मेसेज अजून फोनमध्ये जपून ठेवलाय.

बी पेरलं, वर पाण्याचा फवारा मारला, काचेवर प्लास्टिक ताणलं. दाणे भिजले तसे सब्जासारखे बुळबुळीत झाले आणि चारच दिवसांत कोंब आले. टँक माझ्या झेरॉक्सच्या दुकानात दर्शनी भागात असतो. आधार कार्डाची कॉपी काढायला आलेला माणूसही दोन मिनिटं थांबून बघायचा. ‘मेथी पेरली काय हो?’ असं एकानं विचारलंसुद्धा. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्याचीच नजर बरोबर होती.

रोपं हिरवीगार होऊन तळ झाकला गेला, तेव्हा टँक पाण्यानं भरला. काही दिवस झकास. मग काड्या वर ताणायला लागल्या, पानं काचेसारखी पारदर्शक झाली आणि एका सकाळी दुकान उघडलं तर गटारीचा वास. गप्पी सगळे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. चिमट्यानं एक रोप धरलं तर गालिच्याचा वीतभर तुकडाच सुटून आला. खाली मुळं काळी, लिबलिबीत.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर, ‘लाइट वाढवा.’ दुसरं, ‘सीओटू द्या.’ तिसरं, ‘तुमच्या मराठवाड्याचं पाणीच खराब आहे.’ हे मात्र मला झोंबलं. बोअरचं पाणी जड आहे, मान्य. पण त्याच पाण्यात, त्याच टँकच्या कोपऱ्यात क्रिप्टोकोरिन वर्षानुवर्षं उभी आहे. तिचाही फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. पुढे नंबरच ब्लॉक.

खरा उलगडा केला तो नोट्सच्या झेरॉक्ससाठी आलेल्या वनस्पतिशास्त्राच्या एका सरांनी. माझ्याकडे त्याच विकणाऱ्याची दुसरी पुडी होती, ‘फोर लीफ मार्सिलिया सीड्स’. सरांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि हसायलाच लागले. ‘अहो, मार्सिलिया म्हणजे नेचा. नेच्याला बी येतच नाही, बीजाणू असतात. आपल्याकडे तळ्याकाठी, भातखाचरात उगवतो तो.’ म्हणजे पुडीवरचं नावच पुडीतल्या मालाला खोटं पाडत होतं. आणि तो विकणारा मला पाण्याची अक्कल शिकवत होता.

मग एकेक कळत गेलं. ही बियाणी जमिनीवरच्या किंवा दलदलीतल्या झाडांची असतात. दमट हवेत जोमानं वाढतात, म्हणूनच फसायला होतं. कायम बुडवली की सडतात. खरी कार्पेट रोपं तुकड्यांनी किंवा टिश्यू कल्चरनं वाढवतात आणि कपात, मुळांसकट मिळतात.

तेव्हा पुडी दिसली की पुढे चला. कपातली रोपं बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यामुळे टँकमध्ये लावल्यावर जुनी पानं गळतात. त्यानं घाबरू नका. शेंड्याला नवी बारीक पानं दिसतायत का, ते बघा. नवी फूट असेल तर रोप जगलं. काड्याच लांबत असतील तर उजेड कमी, नाहीतर रोप वेगळंच.

जाहिरातीतल्या फोटोंवर जाऊ नका. टँकमध्ये असा गालिचा करण्याची तऱ्हा जगभर नेली ती जपानच्या ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी. त्यांच्या अशा टँकमागे सीओटूचा सिलिंडर असायचा. फोटोत तो दिसत नाही. क्युबाला भरपूर उजेड, सीओटू आणि २५ अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लाइट कधी जाईल सांगता येत नाही. मॉन्टे कार्लो त्यामानानं सोशिक, पण सीओटूशिवाय तीही रडतखडतच वाढते.

अहमदपुरात, लातुरात, नांदेडात बिनसिलिंडरचा टँक असेल तर ड्वार्फ सॅजिटेरिया घ्या. जड पाणी सोसते, धावत्या फांद्यांनी स्वतःच पसरते. जरा उंच होते, पण जगते. मार्सिलियाही चालेल, मात्र रोप घ्या आणि धीर धरा. सगळा गुच्छ एका जागी खोचू नका. बारीक जुड्या करून बोटभर अंतरानं चिमट्यानं लावा. गोल्डफिश असेल तर हा नादच सोडा, तो सगळं उपटतो.

तळाला घालायची थोडी वाळू धुऊन तिच्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे, ती पाणी आणखी जड करते. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी उडून जातं आणि क्षार मागेच राहतात. ती तूट बोअरच्या नाही, आरओच्या पाण्यानं भरा. लाइट सात-आठ तासच ठेवा, नाहीतर रोपांआधी शेवाळ माजेल. बाकी टँक स्वच्छ ठेवा, माशांना खाणं बेतानं द्या, हे काही वेगळं सांगायला नको.

विकत घेताना पाण्याखालच्या त्याच रोपाचा व्हिडिओ मागा. टाळाटाळ केली तर समजून घ्या. पैसे दिल्याचा पुरावा, मेसेज, पुडी, सगळं ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. रक्कम लहान आहे म्हणून सगळे गप्प बसतात, त्यावरच यांची दुकानं चालतात.

चिमूटभर बी मी मुद्दाम शिल्लक ठेवलंय. ज्याला अजूनही माझं पाणी खराब वाटतं, त्यानं ते न्यावं, आपल्या गोड पाण्यात पेरावं आणि सहा महिन्यांनी मला गालिचा दाखवावा.