हवामापक सेन्सर बदलल्यावर पुन्हा ट्यूनिंग?

प्रश्न : हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर नवा बसवल्यास इंजिनाचे ट्यूनिंग पुन्हा करावे लागते का?

उत्तर : मूळ क्रमांकाचाच सेन्सर असल्यास नाही. आत शिरणाऱ्या हवेचे वस्तुमान तापलेल्या तारेच्या थंड होण्यावरून ताडणारा हा एमएएफ सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला, संकेत देतो आणि वजनाने १ भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या साह्याने स्वतःच साधतो, मात्र जुन्या, मळलेल्या सेन्सरशी जुळवून घेताना साठलेली इंधन-दुरुस्ती, म्हणजे फ्युएल ट्रिम, स्कॅनरने पुसणे इष्ट ठरते. नळीचा व्यास किंवा सेन्सरचा प्रकार बदलल्यास मात्र तोच संकेत वेगळ्या वस्तुमानाचा निदर्शक ठरत असल्याने ईसीयूतील संकेत व वस्तुमान यांची सांगड घालणारे कोष्टक नव्याने भरावेच लागते.