विज्ञानाच्या पुस्तकातली 'जाती'



मुले शाळेचा धडा मोठ्याने वाचू लागली, की 'संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती' अशी उतरंड कानी पडते. एका आजीने मला विचारलेच, "गुरुजी, छप्पन साली नागपूरले सोडली ते जात पोराच्या पुस्तकात कायले?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर गोठ्यात आहे. आपल्या वर्ध्याकडची गवळाऊ गाय पांढरी, मराठवाड्याची देवणी ठिपक्यांची. तरी त्यांच्या संकराची कालवड पुढे वितेच. म्हणून विज्ञान त्यांना एकच जाती मानते. गाय व म्हैस एका कुळातल्या, पण त्यांच्यात वासरू होत नाही. त्या जाती दोन. माणसाचे लेकरू मात्र कोणत्याही दोन मोहल्ल्यांतून होते आणि त्यालाही पुढे लेकरे होतात. लिनियसने १७५८ साली साऱ्या मानवांना होमो सेपियन्स हे एकच नाव दिले. (त्याने खंडांप्रमाणे माणसांचे प्रकारही पाडले, ते आजचे विज्ञान मानीत नाही.) गवत, किडे, मासे, पक्षी यांच्यात जन्मजात खुणा वेगळ्या असतात, माणसांत तशा नसतात, हे तथागतांनी वासेट्ठ सुत्तात केव्हाच सांगितले आहे.

दुसरा शब्द 'सहजीवन'. गावगाडा म्हणजे जातीजातींचे सहजीवन होते, असे भाषणांतून ऐकू येते. तेव्हा म्हशीकडे पाहा. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव कडबा पचवतात. त्यांना आसरा मिळतो, तिला अन्न. हे सहजीवन. मागे फिरणारा गायबगळा तिच्या पावलांनी उठलेले किडे टिपतो. तिचे काही जात नाही. कानातली गोचीड मात्र रक्त पिते, ती परजीवी. (तिला कीटक म्हणू नका. कीटकाला पाय सहा, मोठ्या गोचिडीला आठ. ती कोळ्याच्या वर्गातली.) तिघेही म्हशीच्या सोबतच राहतात. म्हणून कोणाचे काय जाते, हे विचारावे लागते.

वेठ करायची, मेलेले ढोर ओढायचे आणि बदल्यात शिळी भाकर. यात कोणाचे काय गेले, ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. श्रमविभागणीचा हा युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये खोडून काढला आहे. मात्र कोणा माणसाला गोचीड म्हणू नका. गोचिडीला दुसरे काही होता येत नाही, माणसाला येते.

आणि परीक्षेत मुलांनी 'जाती' हा शब्द बिनदिक्कत लिहावा. गुण त्यालाच आहेत.