गुलामगिरीचा इतिहास आणि शिक्षकाची पूर्वतयारी

अमेरिकेतील गुलामगिरीचा पाठ मराठी शाळेत शिकविताना तो परदेशातील एक करुण कथा ठरण्याचा संभव असतो. वस्तुतः या विषयाचा एक धागा आपल्यापर्यंत आलेला आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आरंभ या अर्पणपत्रिकेपासून करणे उचित होईल. पुण्यात मुलींची व अस्पृश्यांची शाळा चालविणाऱ्या माणसास ती दूरची घटना आपली का वाटली, हा प्रश्न विद्यार्थ्यास विचारप्रवृत्त करतो.

यानंतर कायद्यांचा क्रम समजून घ्यावयास हवा. १६१९ साली सुमारे वीस आफ्रिकी बंदिवान व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरविले गेले. त्या वेळी आनुवंशिक गुलामीची चौकट तेथील कायद्याने अद्याप बांधलेली नव्हती. १६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरू लागला. पिता स्वतः मालक असला, तरी गुलाम स्त्रीचे मूल गुलामच राहिले. १८६० च्या जनगणनेत अशा माणसांची संख्या सुमारे साडेएकोणचाळीस लाख भरली. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने ही प्रथा रद्द झाली. ती निसर्गसिद्ध नव्हती, माणसांनी कलमाकलमाने रचली होती, हे या क्रमावरून ध्यानात येते.

साधनांचे वाचन हा तयारीचा सर्वांत कठीण भाग होय. विक्रीखतात माणसाची किंमत सापडते, त्याचे मन सापडत नाही. पेशवे दफ्तरातील कुणबिणींच्या नोंदींचीही हीच स्थिती आहे. म्हणून फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मचरित्रासारखे, गुलामीतून सुटलेल्याने स्वतः लिहिलेले साधन सोबत ठेवावे. आपल्याकडील कुणबिणींची अशी आत्मकथने उपलब्ध नाहीत, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. परंतु वेठबिगारीविरुद्धचा कायदा होण्यास १९७६ साल उजाडले.

तुलना करताना विवेक राखावा. जातिव्यवस्था व गुलामगिरी यांत जन्मावरून माणसाचे स्थान ठरविण्याचे साम्य आहे. मात्र माणूस ही विकाऊ मालमत्ता मानणे हे गुलामगिरीचे व्यवच्छेदक लक्षण आहे.

शेवटी एक पथ्य. वर्गात गुलामांच्या लिलावाचे नाट्य करवू नये. ज्या मुलाच्या आजोबांनी वेठ केली असेल, ते मूलही त्याच बाकावर बसलेले असते. त्याला पाहुण्यांपुढे उभे केल्यासारखे वाटू नये, याची काळजी शिक्षकाने घ्यावी.