मालाच्या साखळीचें मोजमाप

चाकणच्या मोटारकारखान्यांत सुटे भाग अनेक निराळ्या धंदेवाल्यांकडून येतात. प्रत्येकानें आपल्या घरचेंच काम मोजलें, तर सर्वांच्या वह्या चोख आणि मोटार मात्र अडलेली, असें होतें. सबंध साखळी मोजण्याची 'स्कोर' नांवाची पद्धति अमेरिकेंत १९९६ सालीं निघाली. विश्वासूपणा, वेग, लवचिकपणा, खर्च व गुंतलेलें भांडवल हीं तिच्या मापांपैकीं होत.

ठरलेला माल, पुऱ्या वजनाचा, वेळेवर, शाबूत व बिनचूक कागदांसह पोंचला तरच मागणी पुरी झाली. एकहि गोष्ट उणी पडल्यास ती फसली असें धरावें. आतां तोडणीवाला, वाहतूकदार व अडत्या हे प्रत्येकीं १०० पैकीं ९० वेळां चुकत नाहींत, आणि एकाच्या चुकीचा दुसऱ्याच्या चुकीशीं संबंध नाहीं, असें मानूं. दोघांनंतर ८१ उरतात, तिघांनंतर सुमारें ७३. म्हणजे २७ खेपा फसल्या, तरी तिघेहि आपणांस उत्तमच समजतात!

चऱ्होलीची मेथी पिंपरीच्या मंडईंत सुकून पोंचली, तर भाव माल पाहून होत असल्यामुळें तोटा शेतकऱ्याच्याच पदरीं येतो. सबब प्रत्येक खेपेस चार रकाने भरावे, अशी आमची सूचना आहे: तोडणीची वेळ, मंडईंत उतरल्याची वेळ, दोन्ही ठिकाणचें वजन व पैसा हातीं आल्याची तारीख. त्याच वहींत वाहतूकदार व अडत्या यांच्या सह्या घ्याव्या. महिनाअखेर रकाने ताडून पाहिले म्हणजे माल कोणत्या हातांत अडतो तें दिसेल, व बोलणें पुराव्यानिशीं करतां येईल.