जिन्याची पायरी

घर बांधतांना माणसें दरवाजाच्या चौकटीचा व भिंतीच्या रंगाचा विचार महिनोन् महिने करितात. जिन्याच्या पायरीचा विचार मात्र पैसे संपत आल्यावर होतो. मीं स्वतः हीच चूक केली. घनसावंगीस घरावर मजला चढविला, तेव्हां स्वस्त मिळाली म्हणून गुळगुळीत, चकाकणारी फरशी जिन्यास बसविली. पहिल्याच पावसाळ्यांत माझ्या मातोश्री ओल्या पायांनीं उतरतांना घसरल्या व त्यांचें मनगट मोडलें. फरशींत वांचलेले पैसे औषधोपचारांत गेले. त्यांनीं सोसलेल्या वेदना वेगळ्याच. तात्पर्य, पायरीचा स्वस्तपणा केवळ दरावरून ठरत नाहीं.

प्रथम गणित करूं. जिना ३ फूट रुंद, पायरीचा आडवा भाग १० इंच, उभा भाग ७ इंच व पायऱ्या १५ धरा. आडवे भाग मिळून ३७.५ चौरस फूट, उभे भाग मिळून २६.२५ चौरस फूट होतात. पाऊल पडतें तें केवळ आडव्या भागावर. म्हणून चांगला माल तेथेंच वापरावा; उभ्या भागास सिमेंटचा गिलावा व रंग पुरे. एवढ्यानेंच फरशीचा खर्च सुमारें दोनपंचमांश कमी होतो.

आतां माल कोणता घ्यावा? आपल्या भागांतील काळा दगड अतिशय टिकाऊ खरा, पण त्यास सहज सुटणारे थर नसतात. तो घडविण्याची मजुरी फार पडते. कलबुर्गी जिल्ह्यांतील शहाबादी दगड हा थराथरांचा चुनखडक असल्यामुळें त्याच्या लाद्या सहज निघतात. त्याच्या स्वस्ताईचें मर्म हेंच. पायरीसाठीं तो पॉलिश न करितां घ्यावा, कड किंचित् गोल करावी व कडेजवळ दोन-तीन खाचा पाडाव्या. खालीं मसाला पोकळ राहूं देऊं नये. ठोकून पाहिल्यास पोकळ लादी आवाजावरून कळते. चुनखडकास आम्ल खातें, म्हणून ही फरशी ॲसिडनें कधींही धुऊं नये.

लांकडाचा जिना असल्यास सागवान उत्तम, परंतु महाग. जुना वाडा उतरवितांना निघालेल्या तुळया चिरून घेतल्यास चांगलें वाळलेलें लांकूड कमी पैशांत मिळूं शकतें. मात्र टोंचणीनें टोंचून वाळवी पाहावी व चिरण्यापूर्वीं खिळे काढावे. बाभूळ बळकट आहे, पण ती पुरती वाळलेली नसल्यास फळी पिळते.

सर्वांत कमी खर्चाचा उपाय सिमेंटच्या कोब्याचा. तो ओला असतांच कडेजवळ दोरी दाबून रेघा उठवाव्या आणि निदान सात दिवस पाणी मारून ओलसर ठेवावा. घाई केल्यास तो भुरभुरतो व भेगाळतो.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. समजा, ७ इंच उंचीच्या जुन्या पायऱ्यांवर १ इंच मसाला व १ इंच लादी बसविली, पण खालची व वरची जमीन तशीच ठेविली. मधल्या पायऱ्या ७ इंचांच्याच राहतात. पण पहिली ९ इंचांची व शेवटची ५ इंचांची होते. चढणारें पाऊल डोळ्यांनीं नव्हे, संवयीनें उचललें जातें. उंची बदलली कीं तें अडखळतें. म्हणून काम सुरू करण्यापूर्वींच दोन्ही मजल्यांच्या जमिनी किती वाढणार तें ठरवावें, किंवा जुना थर तितकाच खरवडून काढावा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणें घरच्या पायरीचा आडवा भाग २५० मिलिमीटरांहून कमी व उंची १९० मिलिमीटरांहून अधिक नसावी, हेंही गवंड्यास आधींच सांगावें.

आमच्या जिन्यावर आतां रेघांचा साधा करडा कोबा आहे. पाहुणे त्याची स्तुति करीत नाहींत. पण मातोश्री कठड्यास हात धरून निर्धास्तपणें उतरतात. विद्यार्थ्यांनो, सुट्टींत आपल्या घरची, मामाच्या घरची प्रत्येक पायरी फूटपट्टीनें मोजा आणि अर्ध्या इंचाचा जरी फरक आढळला तरी वडील मंडळींस दाखवा.